विजेची तपासणी आणि डोरीनताईचा चहा

लीड्स, ४ मार्च २०२३

ती. डोरीनताईस सा. न. वि. वि.

अगं ताई, जिवावर उठलीयेस का माझ्या? भाड्यानं दिलेल्या घरातली वीज दर पाच वर्षांनी तपासून घ्यायचा कायदा मी केलेला नाही. ग्रिम्सबीचं घर माझं आणि भाडेकरू सख्खी बहीण, पण पालिकेला त्याचं काय! पहिला इलेक्ट्रिशियन मेन स्विच बंद करून तारा तपासत होता, तर त्याच्याच चहासाठी विजेची किटली लावायला तू स्विच चालू केलास. बिचारा झटक्यानं शिडीवरून थेट सोफ्यावर! दुसऱ्यानं स्विचला कुलूप घातलं, ते तू केसातल्या पिनेनं उघडलंस. तो हत्यारं तिथेच टाकून पळाला.

शुक्रवारपर्यंत दाखला मिळाला नाही तर जबर दंड आहे. तो भरायला घर विकावं लागेल, मग तू कुठे जाशील? बुधवारी फिलिपा नावाची इलेक्ट्रिशियन येतेय. हात जोडतो, तिला चहा देऊ नकोस.

काळजीनं अर्धा झालेला तुझा,
क्लिफर्ड

ग्रिम्सबी, ६ मार्च

चि. क्लिफर्डास अनेक आशीर्वाद.

घर जाईल म्हणतोस, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. पण दारात आलेल्या माणसाला काम करताना कोरडं ठेवू? आई थडग्यातून उठून येईल! थर्मासमधला देऊ म्हणशील, तर तो काय चहा असतो? शिवाय तो पहिला सोफ्यावर पडला खरा, पण हातातलं बिस्किट काही सोडलं नाही त्यानं. तुझे वॉल्टर भाऊजी गेल्यापासून या घरात येतं कोण रे? तू नाताळला, तोही तासभर.

रागावले तरी तुझीच,
डोरीन

ग्रिम्सबी, ९ मार्च

चि. क्लिफर्डास आशीर्वाद.

घर वाचलं रे बाबा! फिलिपा आली ती दारातूनच म्हणाली, की आधी चहा, मग वीज बंद. दोन कप आणि लिंबाच्या केकचे तीन तुकडे संपवून तिनं स्विच पाडला. मी हाताची घडी घालून गप्प बसले. तारा ठणठणीत निघाल्या.

दाखल्यावर पुढची तपासणी पाच वर्षांनी, असं ती लिहायला लागली आणि माझं तोंडच उतरलं. तिनं पाहिलं. मग 'एका वर्षानं' लिहून मोकळी झाली, लवकर तपासायला कायद्याची ना नाही म्हणे.

आता दरवर्षी तिची फी तुझ्या माथी. स्वस्तात सुटायचं असेल तर अधूनमधून स्वतःच येत जा.

लोभ आहेच, वाट बघणारी,
डोरीन