रांगेतली घागर

अहो,

मी पहिल्या येष्टीनं लातूरला चालले, एकटीच. विहिरीत डोकावत फिरू नका, मी तिकडं गेले न्हाई. डोक्याच्या डॉक्टरकडं चालले. कोणी इचारलं तर सांगा, लातूर नवा जिल्हा झालाय, तिथल्या कचेरीत दाखल्याचं काम निघालं.

तुमाला संगं या म्हणणार होते. पर दवाखान्याच्या दारात कोणी वळखीचं भेटलं तर तुमची मान खाली जाईल, म्हणून उठवलं न्हाई. आत्याबाईंचा अंगारा लावून लावून थकले, आतलं काही निवलं न्हाई.

भाकरी दुरडीत हाय. टँकरच्या रांगेत माझी घागर हाय, वाऱ्यानं गडगडू नये म्हणून आत धोंडा ठेवलाय. रांग सरकली की पुढं सरकवा, पर काढू नका. उद्या भरायला मीच येणार हाय.

केवळा