बाबांचा कामावरचा शर्ट

ती. आईस,

नमस्कार. उशिरा लिहितेय, तेव्हा आधी तुझी बोलणी खाते.

मी मजेत आहे. आता विमानात मळमळत नाही. विमानाखाली बसवलेलं आमचं यंत्र जमिनीवरून परतणारा उजेड शेकडो छटांत फोडतं आणि खाली काय पडलंय ते ओळखतं. तू पावलांवरून बाबांना ओळखायचीस ना, तसंच.

काल सिमेंटच्या पत्र्यांच्या एका बंद कारखान्यावरून उडालो. भोवतीच्या गल्ल्या, शाळेचं मैदान, नकाशावर सगळं लाल आलं. लाल म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस, श्वासातून जाऊन फुप्फुसात रुतणारे बारीक तंतू. बाबांच्या कपड्यांवर असायची तीच पूड. पायलट म्हणाला, "आपण वर आहोत तेच बरं."

तुझा खोकला कसा आहे? "बरा आहे" असं लिहू नकोस. दादाबरोबर याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि बाबा कुठे कामाला होते ते सांग.

बाबा गेले तरी त्यांचा वास राहावा म्हणून तू त्यांचा कामावरचा शर्ट न धुता उशाशी ठेवलायस. रागव हवं तर, पण तो झटकू नकोस, तोंडाशी धरू नकोस. पाणी शिंपडून पिशवीत बांध आणि घराबाहेर काढ.

बाबा दारात आले की त्या शर्टाला आधी मीच बिलगायचे. परवा मीही तपासून घेतेय. काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी