दगड परत देण्याआधी

दगड परत द्यायला निघाला असशील, तर आधी हे वाच. मी ठमीला लस टोचायला दवाखान्यात नेते आहे. चिठ्ठी दगडाच्या बादलीच्या झाकणावरच चिकटवली, कारण घरात शिरल्यावर तू आमच्याआधी तिथे जातोस.

सकाळी वास आला म्हणून मी ठमीचा डायपर तीनदा बदलला. तिन्ही वेळा कोरडा. शेवटी तीच माझ्याकडे काळजीने बघायला लागली. मग कळलं, वास तुझ्या माशांच्या टाकीसाठी आणलेल्या, भोकाभोकांत समुद्रातले बारीक जीव असलेल्या त्या ‘जिवंत दगडा’चा आहे.

दुकानात तू तासभर एकेक दगड हुंगून हा निवडलास. समुद्राचा वास येतो तोच चांगला, म्हणालास. आणि दुपारी मी फोनवर वासाचं सांगितलं तर म्हणालास, ‘मेलेला दगड गळ्यात मारला, संध्याकाळी त्या दुकानदाराला बघतोच.’ तेव्हा मी ‘ठमी उठली’ म्हणून फोन ठेवला.

दुकानदाराशी भांडू नकोस. ठमीच्या बाटल्या वाफवायचं मशीन लावायला काल मी बादलीतलं पाणी फिरतं ठेवणाऱ्या पंपाचा प्लग काढला आणि परत लावायला विसरले; दगडातले जीव त्यानेच मेले. आता लावलाय. तू कालवून ठेवलेलं मिठाचं पाणी घेऊन अर्धं पाणीही बदललंय.

सगळं मेलेलं नाही. उजवीकडच्या भोकात नखाएवढा खेकडा आहे. टॉर्च मारला की आत सरकतो. ठमी झोपल्यावर तिचा श्वास बघते, तसं दुपारपासून त्याला अकरा वेळा बघितलं. बाराव्यांदा हलला नाही, आणि तेवढ्यात रिक्षा आली.

रागवायचं ते मी आल्यावर रागव. आधी टॉर्च मार आणि ‘हलला’ एवढा मेसेज कर.