लेथसमोर काढलेल्या चपला

बाबा, काल मुलीबरोबर मुलुंडच्या नव्या मॉलमध्ये गेले होते. तुमचा कारखाना होता तिथेच तो उभा आहे. गेटजवळचा पिंपळ तेवढा राहिलाय.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, घरच्यांना आत सोडायचे. मी कॉन्व्हेंटचे काळे बूट घालून आले होते. दुसरे चांगले नव्हतेच. शेडच्या दारात तुम्ही चपला काढल्यात आणि म्हणालात, "बूट काढ गो." माझ्या पायाला लोखंडाचा कीस टोचू नये म्हणून तुम्ही आधीच जागा झाडून ठेवली होती. लोखंड कातायची तुमची लेथ पुसून लख्ख केलेली, तिच्यावर झेंडूची माळ. शेजारच्या मशीनवरचे काका हसले, "मशीन मालकाचं, नारळ तुझा. झकास धंदा आहे रे." तुम्हीही हसलात, पण जोडलेले हात सोडले नाहीत. शाळेच्या चॅपलमध्ये असायची तशी शांतता त्या तेलकट शेडमध्ये असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मालकाने कारखान्यात टाळेबंदी केली. माझी शाळा सुटणार का, हे आई विचारत नव्हती आणि तुम्ही सांगत नव्हतात. तुम्ही सगळे गेटबाहेर बसून असता, मी शाळेतून येताना डबा आणते. एका दुपारी गेट उघडतं. कामावर घेणार, असं वाटून सगळे उठतात. बाहेर येतो तो ट्रक, त्यावर विकलेली मशीनं. लोक चाकांपुढे आडवे होतात, शिव्या देतात. तुम्हाला ताडपत्रीखाली आपली लेथ दिसते. तापलेल्या डांबरावर तुम्ही चपला काढता आणि हात जोडता.

काका संतापतात. "मालकाने आपली वाट लावली, आणि तू पाया पडतोस?"

"मालकाच्या नाही पडत," तुम्ही म्हणता. "हिने माझ्या पोरीला शिकवलं."

 थोड्या वेळाने काकांनी एक पाय चपलेतून बाहेर काढला. 

पुढे तुम्ही पवईला वॉचमन झालात आणि मला शेवटपर्यंत शिकवलंत. तिथे कंपनीने दिलेले बूट तुम्ही ड्यूटीवर कधीच काढले नाहीत.

काल पिंपळावरून तुमच्या लेथच्या जागेचा अंदाज घेत मी एका सरकत्या जिन्यापाशी आले आणि सँडल काढून उभी राहिले. मुलीने विचारलं, काय झालं गं? पट्टा टोचतोय, म्हटलं. हे पत्र पर्समध्येच राहील, बाबा. जागा बहुतेक चुकली होती. फरशी फार गार लागली.