हाडं जातात कुठं

आई, मी सुट्टीला गावी आले आहे. आबा उभ्यानं तांदळाची भाकरी थापतायत आणि मला काही करू देत नाहीत. आंदर मावळातल्या या घरातली चूल अजून कमरेइतक्या उंच ओट्यावरच आहे. पाठ वाकेनाशी झाली तेव्हा आबांनीच ती तशी बांधून घेतली होती. तुझ्या बोटांची मूठ वळत नव्हती, त्यांचा कणा वाकत नव्हता. तू शेजारी खुर्चीवर बसून सांगायचीस, "आवं, कडंनं पातळ करा की." ते म्हणायचे, "करतो. तू तवा बघ." तुटलेली भाकरी ते गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायचे.

मी कॉलेजात असताना तुला तळेगावला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरला. तुझ्या बोटांच्या सांध्यांपाशी हाडांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. "डाक्टर, ही हाडं जात्यात कुटं?" तू विचारलंस. ते नुसते हसले आणि गोळ्या लिहून दिल्या. परतताना एसटीत तू म्हणालीस, "सांगितलं न्हाई बघ त्यांनी." पुढं मी तेच शिकायला गेले. आता पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हाडांच्या पेशींवरच काम करते.

तर ऐक. हाड काही वाळलेलं लाकूड नसतं. काही पेशी ते रोज थोडं विरघळवतात, दुसऱ्या काही तेवढंच नवं भरतात, आणि शरीरातले बारीक रेणू दोघींना निरोप पोचवतात. तुझ्या सांध्यांच्या अस्तराला सूज आली आणि तिथून विरघळवणाऱ्यांना 'या, आणखी या' असे निरोप सुटत राहिले. भरणाऱ्यांना मात्र 'थांबा'. तुझ्या हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरलं आणि वाहून गेलं. आबांचं दुखणंही सुजेचंच, पण त्यांच्या मणक्यांपाशी भरणाऱ्यांना नको तेवढा हुकूम मिळाला, नको तिथं हाड वाढलं आणि मणके एकमेकांना जोडले गेले. असे निरोप वाटेतच अडवणारी इंजेक्शनं आता मिळतात. आबांना त्यांनी पुष्कळ आराम पडला, जोडलेले मणके तेवढे तसेच राहिले. तुझ्या वेळी ती आपल्या आवाक्यात नव्हती. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलंय.

आज सकाळी हे सगळं आबांना सांगितलं. पिठाचे हात तसेच ठेवून ते ऐकत होते. मान वळत नाही, म्हणून अख्ख्या अंगानं माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुजी आई जायच्या आदी मला म्हनली हुती, माजं झिजल्यालं वाया न्हाई गेलं, तुमच्या पाठीला लागलं. तसं आसंल का गं?"

उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यातच गेली आहेत.

"व्हय आबा," मी म्हणाले, "तसंच आसंल."

ते पुन्हा परातीकडे वळले आणि बराच वेळ एकच गोळा मळत राहिले.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून तुला सांगते. तसं म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.