डॉलर म्हणजे शीळफाट्याची जमीन नव्हे

बाबा, काल ऑफिसात माझं डोकं फिरलं ते तुझ्यामुळे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तू अजून माझं डोकं फिरवतोस, कमाल आहे तुझी. ठाण्यात मी आता ज्या कंपनीत आहे तिथे माझं कामच हे आहे: परदेशातून माल येतो, पैसे तीन महिन्यांनी डॉलरमध्ये द्यायचे असतात, आणि तोवर डॉलर महागला तर कंपनीचं कंबरडं मोडू नये हे मी बघायचं. माल जहाजावर चढला की बँकेशी आजच भाव ठरवून टाकायचा. मग डॉलर वर जावो नाहीतर खाली, आपला भाव बांधलेला. काल मीटिंगमध्ये कळलं की डॉलर उतरलाय, भाव बांधला नसता तर माल स्वस्तात पडला असता. मोठ्या साहेबांनी कागद बघितला, म्हणाले, ठीक आहे, आग लागली नाही म्हणून विम्याचे पैसे वाया गेले असं कुणी म्हणत नाही. आणि पान उलटलं. संपला विषय. मला त्या पान उलटण्याचा इतका राग आला की बाहेर जाऊन तोंड धुवून आले.

कारण तू पान उलटलं नव्हतंस. डोंबिवलीच्या आपल्या शाईच्या कारखान्यात मी बी.कॉम. होऊन नुकती बसायला लागलेले. रंगाची पावडर बाहेरून यायची, पैसे डॉलरमध्ये. मी बँकेतल्या माणसाकडून सगळं नीट समजून घेतलं, तुला सांगितलं, तू 'कर तुला काय करायचं ते' म्हणालास, म्हणून मी पहिल्यांदा भाव बांधला. आणि नेमका डॉलर उतरला. दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी होती, सगळे डबे उघडून बसलेले. तू दारात उभा राहून म्हणालास, "घाबरट पोरीच्या हातान धंदा दिला का असंच होतं. बँकेला फुकट पोसलंस गो." पॅकिंगच्या मावशी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी माझ्या पुढ्यात सरकवली. चूक काय होती माझी? सांग ना. पाऊस पडला नाही म्हणून छत्री नेणाऱ्याला मूर्ख म्हणतात का?

तुझं सगळं शहाणपण जमिनीतून आलेलं. शीळफाट्याजवळचा आपल्या वाटणीचा तुकडा काकाने घाईने विकला आणि जन्मभर हळहळला. तू दम धरलास, तुझा तुकडा भाव चढल्यावर विकलास, आणि त्या दम धरण्यातून आपला कारखाना उभा राहिला. आपल्या अख्ख्या भावकीत हेच शिकवतात, थांबला तो जिंकला. मान्य. पण जमीन तुझी होती, तुला विकायची होती. डॉलर तुझा नव्हता बाबा, तो तुला घ्यायचा होता, तोही ठरलेल्या तारखेला. भाव चढला की विकणारा हसतो आणि घेणारा मरतो, आणि इथे घेणारा तू होतास! एवढी साधी गोष्ट मी तुला कागदावर काढून दाखवली. तू त्या कागदावर चहाचा कप ठेवलास.

पुढचा माल मोठा होता, वर्षातला सगळ्यात मोठा. "मला न विचारता बँकेला फोन करायचा नाही," असा तुझा हुकूम. डॉलर चढायला लागला. मी रोज सकाळी भाव सांगायचे आणि तू रोज म्हणायचास, "येल खाली. दम धर." आठवडे गेले. तारीख आली तेव्हा तो इतका वर होता की पैसे भरल्यावर बाकीचा कच्चा माल घ्यायला हातात काही उरलं नाही. दुसरी पाळी बंद झाली. पॅकिंगच्या मावशी दुसऱ्या पाळीच्या. दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहायच्या, नवरा आजारी, घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. जाताना त्या मला म्हणाल्या, "तुझ्या बापाला बोल लावू नको गं, त्याने मुद्दाम केलं नाही." मी म्हणाले, मावशी, मी सांगत होते त्याला, ऐकलं नाही. हेच वाक्य मी आईला सांगितलं, भावाला सांगितलं, तुझ्या तेराव्याला आलेल्या नातेवाईकांनाही सांगितलं. या नोकरीच्या मुलाखतीतही तुझी गोष्ट उदाहरण म्हणून सांगितली, आणि त्यांना ती फार आवडली.

एक मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही. डॉलर शेवटी जेवढा चढला त्याच्या निम्माच चढला होता तेव्हा तू कोपरला कुणाच्यातरी हळदीला गेलेलास. तिथून दुपारी फोन केलास. मागे बँजो वाजत होता, तू मोठ्याने बोलत होतास. म्हणालास, "माझा अंदाज काय खरा वाटत नाय. तुला वाटतं तर बांध भाव. तुझ्यावर सोडतो." बँक अजून दोन तास उघडी होती. मी फोन ठेवला आणि बँकेला लावलाच नाही. म्हटलं, आता बघच तू. सगळ्यांसमोर घाबरट म्हणालास ना. त्या दिवशी बांधला असता तर पाळी बंद पडली नसती, मी तेव्हाच हिशेब केलेला. तूही केला असणार. तरी मावशींना तू स्वतः सांगितलंस की चूक तुझी, आणि मरेपर्यंत त्या फोनबद्दल एक शब्द काढला नाहीस. त्याचाच राग आहे मला, बाबा. एकदा तरी विचारायचं होतंस.