अकरा चाळीसचे दोन ठोके

रविवार, ९ फेब्रुवारी
सकाळ

सौ. वहिनीस नमस्कार.

विनंती विशेष वगैरे मधल्या ओळी तू मनातच वाचून घे, आज माझं बूड एका जागी टिकत नाहीये. फोन केला असता, पण तुझा फोन आधी दादा उचलतो, आणि दादाने उचलला की माझं कॉलेज निघतं.

तब्येत बरी आहे. तू शिवलेलं जाकीट छान बसतं, फक्त उजव्या खिशाची शिवण उसवली. त्यात मी पाना ठेवतो. काम तेच. सकाळी फाटकावरच्या रजिस्टरात सही करायची, चार किलोमीटर लांब नळीच्या कडेने चालत जायचं, आवरणाला भेग, गांधीलमाश्यांचं पोळं, उंदराचं बीळ दिसलं तर लिहून घ्यायचं, आणि परत यायचं. पगार देऊन फिरायला पाठवतात, जावईच आहेस त्यांचा, असं तू म्हणाली होतीस. अगदीच खोटं नाही.

मागे मी इथलं यंत्र जागेचं ताणणं मोजतं असं सांगत होतो, तेव्हा तू शिलाई मशीनवरून मान वर न काढता विचारलं होतंस, की जागाच ताणली तर टेपही ताणली जाणार, मग वाढलं किती हे कळतं कसं? तोच प्रश्न मी चष्मेवालीला विचारला. (तीच. माझ्या वर्गातली, जी शिकत राहिली आणि इथे संशोधनाला आली. जिच्यापायी मी ही नोकरी धरली, हे तू दादाला अजून सांगितलेलं नाहीस.) ती म्हणाली, "तुझी वहिनी आमच्यात हवी होती. टेप वापरतच नाही आम्ही. दोन नळ्यांतून उजेड सोडतो, टोकाच्या आरशावरून तो परत येतो. दोन्ही एकदम आले तर ठीक. एक जरा मागे पडला तर समजायचं, त्याची वाट लांबली होती."

कुठेतरी फार लांब दोन विझलेले तारे एकमेकांवर आदळतात आणि त्यांची गुरुत्वीय लहर इथवर येते. नळीत हवासुद्धा नाही, तरी तिथली रिकामी जागा लांबते, आखडते. किती, तर अणूच्या गाभ्यातल्या कणाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी. कॉलेजात मी सरांना विचारलं होतं, हे अवकाश-काळ खरोखर आहे की नुसतं गणित? सर म्हणाले, परीक्षेला येत नाही. मी वही बाकावर आपटून जो निघालो तो निघालोच. आता रोज त्याच्याच कडेने चालतो. आहे ते, वहिनी. आपल्यासारखंच हलतं.

सोमवारी अशी एक लहर आली. मिनिटभर टिकली. समुद्रापलीकडच्या यंत्रालाही दिसली. पण आमच्या नोंदीच्या रेषेत ऐन मोक्याला दोन उंच काटे उठलेत, पाऊण सेकंदाच्या अंतराने. त्यांचं कारण सापडेपर्यंत साहेब तिला पक्की म्हणायला तयार नाहीत. रजिस्टरप्रमाणे त्या वेळी नळीजवळ कोणी नव्हतंच. म्हणून संशय पंपावर गेला, आणि नळीतली हवा उपसणारे पंपवाले काका सहा दिवस एक धडधाकट पंप खोलून बसलेत आणि वर बोलणी खातायत.

बुधवारी कँटीनमध्ये तिने मला ते काटे दाखवले. "बघ, कोणी दार ठोठावल्यासारखं."

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"उंदराच्या हातात हातोडा होता का?"

ती हसली, मीही हसलो. 

हातोडा नव्हता. पाना होता.

आम्ही सगळेच परतीची वेळ सकाळी सहीबरोबर भरून टाकतो, दोनदा रजिस्टर कोण उघडणार? मी सव्वाअकरा लिहिली होती. सोमवारी अकरा चाळीसला मी लांब, नळीच्या सातव्या दारापाशी होतो. तिचा मेसेज आला. "परदेशातल्या प्रयोगशाळेने बोलावलंय. इथे एक पक्का सिग्नल हाती लागला की मी निघाले. तुला सगळ्यांआधी सांगतेय." मी "जा मग" असं पाठवलं आणि लोखंडी दारावर पाना हाणला. एकाने भागलं नाही म्हणून पुन्हा हाणला. त्याच मिनिटाला ती लहर दारामागून जात होती, हे मला काय ठाऊक.

तुला वाटेल, नोकरीच्या भीतीने गप्प बसला. तसं असतं तर बरं झालं असतं. नोकरी गेली तर गेली. मी बोललो नाही तर लहर बाद होते, आणि लहर बाद झाली की ती इथेच राहते. वर्षभर, कदाचित दोन वर्षं, रोज समोर बसून जेवते. सहा दिवस मी हे मनात घोळवतोय. ती सहा दिवस जागून, डोळे लाल करून कारण शोधतेय.

आता तुला सांगून बसलो. तिला न सांगता राहणं जमायचं नाही. थांब, जाऊन येतो.

दुपार

सांगितलं.

मला वाटलं होतं, ओरडेल. तिने कागद पुढे ओढला.

"दार कितवं?"

"सातवं."

"पाना?"

"हाच."

"नक्की वेळ?"

मी फोन पुढे केला. तिने आपला मेसेज वाचला, खालचं "जा मग" वाचलं. साहेब मागे येऊन उभे होते, त्यांनीही वाचलं.

"हे पक्कं झालं की मी जाणार, हे तुला कळत होतं?"

"हो."

"म्हणून उंदीर?"

"म्हणून."

तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "आधी काकांना सांगून ये," एवढंच म्हणाली. काका पंपाखालून तोंड बाहेर न काढता म्हणाले, "गाढवा, कालच बोलला असतास तर ही बेअरिंग तरी वाचली असती."

साहेबांनी ठरवलंय, उद्या नऊ वाजता मी त्याच दारावर, त्याच पान्याने, तसेच दोन ठोके मारायचे. त्यांची नोंद घेऊन सोमवारच्या नोंदीतून ती वजा करणार. उरेल ती लहर. मग मी पाना आणि ओळखपत्र जमा करायचं.

निघताना ती म्हणाली, "होता तेवढाच जोर लाव."

हलका मारला तर ठोके जुळणार नाहीत, लहर बाद होईल आणि ती इथेच राहील. हे तिलाही कळतं. तरी दुसऱ्या कोणाकडून मारून घेऊ, असं ती म्हणाली नाही.

मी पूर्ण जोराने मारणार आहे, वहिनी. खांदा आत्तापासूनच दुखतोय.

पत्र पोचायच्या आत बहुतेक मीच घरी पोचेन. तरी टाकतो, कारण समोर बसून यातलं एक अक्षर माझ्या तोंडातून निघणार नाही. तू वाचून झाल्यावर काही विचारू नकोस, नुसतं जेवायला वाढ.

उद्या नऊपर्यंत इथला,
तुझा भाऊजी